प्रिंट धुण्याचा डबा घरी बनवण्याआधी

डार्करूममध्ये फोटोची प्रिंट काढायला आधी कागद कोणता वापरणार ते ठरवा. आरसी पेपरला प्लॅस्टिकचा थर असतो, तो दोन-चार मिनिटांत धुऊन निघतो. त्याला एक ट्रे आणि पाणी ओतायला एक मग पुरे. डबा लागतो फायबर पेपरला, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेल्या कागदाला. फिक्सरमधला (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणातला) हायपो, म्हणजे थायोसल्फेट, त्याच्या तंतूंत मुरतो आणि नुसत्या पाण्यानं निघायला तासभर घेतो. राहिलाच, तर चित्रातल्या चांदीचं सल्फाइड होऊन चित्र पिवळं-तपकिरी पडतं.

तासभर नळ सोडून ठेवणं खानदेशात शोभणारं नाही. पाणी चार-चार दिवसांनी येतं तिथं घरचेच भांडायला उठतील. हायपो कागदातून हळूहळू पाझरून बाहेर येतो, धारेच्या जोरानं तो फारसा लवकर निघत नाही. त्यामुळे डबा असा करावा की प्रत्येक प्रिंट सुटी उभी राहील आणि पाणी पटकन बदलता येईल.

8×10 इंची प्रिंटसाठी आतून 12 इंच लांब, 10 इंच उंच, साडेतीन इंच रुंद अ‍ॅक्रिलिकचा डबा दुकानाचे बोर्ड बनवणाऱ्याकडून कापून-जोडून घ्यावा. त्याच्याकडे क्लोरोफॉर्मसारखं द्रावण असतं. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही. आत 3 मिलिमीटरचे पाच पडदे, म्हणजे 12-12 मिलिमीटरचे सहा खण होतात. पडदे तळापासून अर्धा इंच वर टेकवा. आणि शीट दाणेदारच मागा. गुळगुळीत शीटवर ओला कागद असा चिकटतो की मागे पाणीच पोचत नाही.

पाणी सोडायच्या खालच्या तोटीसाठी जळगावात दूर जायला नको. ठिबकच्या दुकानात रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी चकती), टेक-ऑफ (तिच्यात नळी जोडायचा तुकडा), 16 मिलिमीटरची नळी आणि कॉक असं सगळं सुटं मिळतं. ग्रोमेट मुळात पाइपासाठी असतो, म्हणून आधी शीटच्या वाया गेलेल्या तुकड्याला भोक पाडून बसतो का पाहावं. पूर्ण डबा रात्रभर भरून ठेवावा, गळती सकाळी दिसते.

या डब्यात सहा लिटरच्या आसपास पाणी मावतं, तेव्हा 20 लिटरच्या एका जारात तीन भरण्या होतात. त्याआधी मात्र प्रिंट रॅपिड (लवकर काम करणाऱ्या) फिक्सरमध्ये सांगितलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नये, आणि विसळून सोडियम सल्फाइटच्या पाण्यात (लिटरला 20 ग्रॅम) दहा मिनिटं हलवावी. पाणी वाचवण्याचा सगळ्यात मोठा वाटा या सल्फाइटचा. बोअरचं क्षारयुक्त पाणी इथं अडत नाही, उलट क्षारांनी हायपो लवकर सुटतो. शेवटची भरणी तेवढी गोड्या पाण्याची करावी, नाहीतर वाळल्यावर पांढरे डाग राहतात.

एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी वापरूच नये, कागदावरचा चित्राचा जिलेटिनचा थर मऊ होऊन सुटायला लागतो. 24 अंशांपर्यंतचं पाणी उत्तम. उन्हाळ्यात रांजणात रात्री भरून ठेवलेलं पहाटे वापरावं.

प्रत्येक भरणी दहा-पंधरा मिनिटं राहू द्यावी. किती भरण्या पुरतात ते तपासणीवर ठरवावं. दोन ग्लासांत तेच पाणी घेऊन पोटॅशियम परमँगनेटनं फिकट गुलाबी करा आणि एकात प्रिंटवरून निथळणारे थेंब पाडा. त्याचाच रंग उडाला तर हायपो अजून आहे. पण ही परीक्षा पाण्याची झाली. कागदाची करायची तर आम्लयुक्त सिल्व्हर नायट्रेटचा थेंब ओल्या पांढऱ्या कडेवर दोन मिनिटं ठेवून पुसावा. तपकिरी छटा जितकी गडद तितका हायपो उरलेला. हातमोजे घाला, बोटं काळी पडतात.

कधी चाळीसगावला जाणं झालं तर छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांची टेबलटॉप (टेबलावर वस्तू मांडून काढलेली) छायाचित्रं बघून या, प्रिंटवर एवढी मेहनत का घ्यायची ते तिथं पटेल. वापरलेल्या फिक्सरचा वेगळा कॅन ठेवा. त्यात चांदी असते, तो विहिरीजवळ किंवा केळीच्या बुंध्याशी ओतू नका. डब्यातली नंतरची पाणी बादलीत धरून मोरी-अंगण धुवायला चालतील.