चूल धुरकटते? नवी आणण्यापूर्वी या चुका टाळा

घरातली लाकडाची चूल धूर करू लागली की दोष चुलीला दिला जातो आणि नवी चूल आणण्याचा विचार सुरू होतो. धूर म्हणजे मुख्यतः न जळता निसटलेले जळणच असते, आणि ते का निसटले याचे उत्तर बहुतेक घरांत सरपणात, हवेच्या वाटेत किंवा भांड्याच्या बैठकीत सापडते.

सर्वांत मोठी चूक ओल्या लाकडांची. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते; नीट वाळल्यावर ते १५ ते २० टक्क्यांवर येते. ओले लाकूड पेटवले की आगीची उष्णता आधी त्या पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते, जाळ थंडावतो आणि लाकडातून सुटणारे वायू पेट न घेताच धूर होऊन बाहेर पडतात. मग फुंकणीने कितीही फुंकले तरी उपयोग होत नाही. दोन लाकडे एकमेकांवर आपटून पाहावीत: वाळलेल्यांचा आवाज खणखणीत येतो, ओल्यांचा बद्द. वाळलेल्या लाकडाच्या कापलेल्या टोकाला भेगा दिसतात आणि सालही सहज सुटते. जाड ओंडके न फोडता रचले, तर ते आतून महिनोन्महिने ओले राहतात. म्हणून उन्हाळ्यातच ढलप्या काढून, मृगाच्या आधी ते पडवीत, जमिनीपासून वीतभर उंचावर रचावेत. ढिगाला चहूबाजूंनी प्लास्टिक गुंडाळल्यास ओल आतच कोंडते. वरून आच्छादन घालून बाजू मोकळ्या ठेवाव्यात. स्वयंपाक आटोपल्यावर जळती लाकडे पाणी मारून विझवण्याची सवयही सोडावी, कारण तीच लाकडे सकाळी पुन्हा चुलीत जातात. ती राखेत खुपसून विझवावीत.

जाळ कमी वाटला की आणखी लाकडे कोंबली जातात आणि हवेची वाट बंद होते. चुलीच्या तोंडाचा वरचा भाग मोकळा राहील इतकीच, अंगठ्याएवढ्या जाडीची लाकडे घालून ती जळतील तशी आत सारावीत. चुलीत जाळी असेल, तर तिच्याखालची राख रोज काढलीच पाहिजे.

धुराडे असलेल्या दोन भांड्यांच्या निर्धूर चुलीत एक चूक हमखास होते, ती म्हणजे वैल, म्हणजे दुसऱ्या भांड्याचे भोक, उघडा ठेवणे. वर्ध्याच्या मगनवाडीतील मगन चुलीपासून पुढे आलेल्या अशा चुलींत धूर दोन्ही भांड्यांखालून धुराड्यात जातो, आणि वैलावर भांडे नसेल किंवा ते लहान असून कडेला फट राहत असेल, तर तो सरळ स्वयंपाकघरात येतो. १९८३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातील अनेक चुली पुढे वापरातून गेल्या. घरातली भांडी आणि चुलीची भोके न जुळणे व धुराडी साफ न होणे ही त्यामागची ठळक कारणे होती. म्हणून चूल बांधण्याआधी कारागिरासमोर आपले रोजचे पातेले आणि तवा ठेवावा, असा माझा आग्रह आहे.

धुराडे तुंबले आहे का, हे पाहण्यासाठी थंड चुलीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला, तर वाट मोकळी आहे. तो परतत असेल, तर मूठभर वाळला पाला पेटवून धुराडे आधी तापवावे, कारण पावसाळ्यातल्या थंड सकाळी एवढ्यानेही ओढ सुरू होते. तरीही फरक पडला नाही, तर काजळी काढण्याची वेळ झाली आहे.

विकत घ्यायची असेल, तर भारतीय मानक आयएस १३१५२ ची खूण पाहावी. त्यानुसार उचलून नेता येणाऱ्या साध्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के, तर पंख्याच्या चुलीची ३५ टक्के असावी लागते. वरून पेटवायच्या गॅसिफायर चुलीत (लाकडातून सुटणारा वायू जाळणाऱ्या चुलीत) मात्र सुक्या, लहान तुकड्यांचा एकच भरणा करायचा असतो आणि मध्येच लाकूड घातले की ती धुमसते. दिवसभर थोडे थोडे शिजवणाऱ्या घराला ती सोयीची नाही.

थंडीत ऊब मिळावी म्हणून निखाऱ्यांची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणे ही जिवावर बेतणारी चूक आहे. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड निघतच असतो आणि त्याला वास नसतो. झोपण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर नेऊन ठेवावी.