दिल्ली ते टोकियो: अंतर आणि विमानप्रवासाचा वेळ कसा काढावा

आधी अंतर. विमानतळांचे अक्षांश-रेखांश कुठल्याही ग्रेट सर्कल कॅल्क्युलेटरमध्ये (गोल पृथ्वीवरचं सर्वांत कमी अंतर काढणाऱ्या साधनात) टाका. दिल्ली ते हानेडा (टोकियोचा विमानतळ) सुमारे 5,850 किलोमीटर येईल. आकडा नॉटिकल मैलांत आला तर 1.852 ने गुणा. सपाट नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. पृथ्वी गोल असल्याने तिथली सरळ रेघ हा सर्वांत जवळचा मार्ग नसतो.

या अंतरात 5 ते 10 टक्के वाढवा. दिल्ली–टोकियोचा सर्वांत जवळचा मार्ग हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून जातो. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला साधारण 10,000 फुटांवर उतरावं लागतं आणि पठाराची सरासरी उंचीच त्याहून जास्त आहे. म्हणून विमानं सहसा दक्षिणेकडून वळसा घेतात. 6,250 किलोमीटर धरा.

आता वेग. जेट विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडतं, पण तो वेग हवेच्या तुलनेत असतो. जपानच्या वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, वाहतो आणि हिवाळ्यात तो सर्वांत जोरात असतो. पूर्ण मार्गावर सरासरी ताशी 100 किलोमीटर वारा धरला, तर जाताना 6,250 भागिले 1,000 म्हणजे सव्वासहा तास आणि येताना 6,250 भागिले 800 म्हणजे जवळपास पावणेआठ. टॅक्सीइंग (विमानाचं जमिनीवरून धावपट्टीपर्यंत जाणं-येणं), चढण आणि उतरणीचे 40 मिनिटं दोन्हीकडे मिळवा. ‘पृथ्वी फिरते म्हणून येताना वेळ लागतो’ हे सरळ विसरा, वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरतं.

खरी गोची वेळापत्रकात आहे. तिकिटावर निघण्याची वेळ दिल्लीची आणि पोहोचण्याची टोकियोची असते. दिल्लीहून रात्री 20:00, टोकियोत दुसऱ्या दिवशी 07:30, असं दिसलं की लोक साडेअकरा तासांचा प्रवास समजतात. दोन्ही शहरांच्या घड्याळांत फरक साडेतीन तासांचा आहे हे माहीत असूनही अर्धे जण तो वजा करायच्या जागी मिळवतात. कधी मिळवायचं आणि कधी वजा करायचं हे पाठ करण्याच्या भानगडीत पडूच नका. दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, आणा. दिल्ली यूटीसी+5:30, टोकियो यूटीसी+9. निघणं 14:30, पोहोचणं त्याच यूटीसी तारखेला 22:30. प्रवास 8 तास. परतीला टोकियो 11:00 म्हणजे 02:00, दिल्ली 17:00 म्हणजे 11:30, साडेनऊ तास. वेळापत्रकावरून घाईत वजाबाकी केली तर हाच प्रवास सहा तासांचा भासतो. तारीखही यूटीसीचीच लिहा. मध्यरात्रीच्या विमानांत चूक तिथेच होते.

मघाच्या हिशेबात जाताना सात तासांच्या आत आले आणि इथे आठ, यात घोळ नाही. वेळापत्रकातला आकडा गेटपासून गेटपर्यंतचा असतो आणि उशीर पचवायला कंपन्या त्यात जादा मिनिटं ठेवतात.

दुसरी शहरं घेतलीत तर ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, तपासूनच वापरा. काठमांडू +5:45 आहे, संपूर्ण चीन एकाच +8 वर चालतो, आणि इस्रायल, लेबनॉनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे जातं. भारत आणि जपानमध्ये ही कटकट नाही.

कनेक्टिंग विमान असेल तर पहिलं निघणं आणि शेवटचं पोहोचणं, एवढ्या दोनच वेळा यूटीसीत आणा. मधला थांबा आपोआप हिशेबात येतो.