‘वेगळं’ म्हणजे डिफरंट की सेपरेट?

मराठीत ‘वेगळं’ हा एकच शब्द बरीच कामं करतो आणि इंग्रजी लिहिताना आपण तिथेच अडतो. ‘दोघे भाऊ आता वेगळे राहतात’ याचं ‘लिव्ह डिफरंटली’ केलं, तर त्यांची राहणीच निराळी आहे असा अर्थ होतो. इथे ‘सेपरेटली’ हवं. ‘वेगळं’च्या जागी ‘स्वतंत्र’ घालून पाहा. बसलं तर सेपरेट. ‘सारखं नसलेलं’ बसलं तर डिफरंट. हॉटेलात सेपरेट बिलं मागितली की प्रत्येकाचं बिल स्वतंत्र येतं, मग रक्कम अगदी सारखी का असेना.

‘वेगवेगळ्या कारणांनी’ म्हणताना फरकापेक्षा संख्या मनात असेल, तर व्हेरियस घ्या. त्यापुढचं नाम अनेकवचनीच हवं. डिस्टिंक्ट, म्हणजे ‘स्पष्टपणे निराळं’, हा शब्द मला फार कामाचा वाटतो. मराठी आणि कोकणी या ‘डिस्टिंक्ट’ भाषा आहेत असं लिहिलं, की एक दुसरीची बोली नव्हे हे ठसठशीत कळतं.

आणि हो, आपण ‘त्याच्यापेक्षा वेगळं’ म्हणतो, म्हणून ‘डिफरंट दॅन’ सहज लिहून जातो. अमेरिकेत ते चालतं. परीक्षेत आणि अर्जात मात्र ‘डिफरंट फ्रॉम’च लिहा.