लिम्फोमाच्या केमोत फुफ्फुसाची बुरशी: घरी काय पाहायचं

'आर-चॉप' या लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कर्करोगाच्या) केमोनंतर साधारण 7 ते 14 व्या दिवशी पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यातले जंतूंशी लढणारे न्यूट्रोफिल दर मायक्रोलिटर रक्तात 500 च्या खाली गेले, आणि तसेच बरेच दिवस राहिले, की ॲस्परजिलस या बुरशीचं फावतं. त्याचे बीजाणू जेमतेम 2-3 मायक्रॉनचे, थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. म्हणून घरात फोडाफोडी, रंगकाम नको, कुंडीतली माती उकरणं नको, माळ्यावरची जुनी गाठोडी तर नकोच. बाहेर पडताना एन-95. कापडी रुमालाने बीजाणू अडत नाहीत.

ताप 100.4 फॅरनहाइट झाला की त्याच वेळी रुग्णालय गाठा. आधी पॅरासिटामॉल देऊ नका, ताप दबतो आणि निदान लांबतं. 'चॉप'मधल्या स्टेरॉइडमुळेही ताप लपतो, त्यामुळे कोरडा खोकला, श्वास घेताना छातीत टोचणं, थुंकीत रक्ताची रेघ एवढंही रुग्णालय गाठायला पुरे. साधा एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ दिसू शकतो. एचआरसीटी (फुफ्फुसाचं बारकाईचं सीटी स्कॅन) आणि रक्तातील गॅलॅक्टोमॅनन (या बुरशीचा अंश) तपासणीबद्दल विचारा. आपल्याकडे स्कॅनमध्ये दिसणाऱ्या बुरशीच्या सावलीला टीबी समजण्याची चूकही होते.

बुरशीवरच्या व्होरिकोनाझोल या औषधाची गोळी जेवणाच्या एक तास आधी किंवा नंतर. थोडा वेळ नजर धूसर होते, तेव्हा गाडी चालवू नका. उन्हात अंग झाका. सगळ्यात महत्त्वाचं: 'चॉप'मधल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधाशी तिचं जमत नाही. व्हिन्क्रिस्टिन शरीरात साठतं, मग हातापायांना मुंग्या, जबड्यात कळ, घट्ट बद्धकोष्ठता. पुढच्या केमोआधी गोळ्यांची पाकिटंच डॉक्टरांसमोर ठेवा.