सेकंडहँड गाडी घेताना: आधी साल, मग आकार

गाडी बघायला आलेला माणूस आधी दारावर बोटांनी टकटक करतो. पत्रा जाड लागला की खूश. मी चिपळूणला विम्याचा सर्व्हेअर आहे, अपघाताच्या गाड्या रोज तपासतो. कळकळीने सांगतो, त्या टकटकीवर भरवसा ठेवू नका. पुढचा भाग चुरगळून धक्का सोसतो आणि आतला पिंजरा टिकतो, तेव्हा माणूस वाचतो.

2017 साली ऑस्ट्रेलियात 1998 ची आणि 2015 ची कोरोला ताशी 64 किलोमीटरने समोरासमोर धडकवल्या. नवीची केबिन टिकली, जुनीची कोलमडली. नाव एकच, वर्गही एकच.

म्हणून आरसीवर उत्पादनाचं साल पाहा, नुसती नोंदणीची तारीख नको. आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल 2019 पासून, चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सरसकट यायला 2021 संपलं. त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये ती आहेच असं धरू नका.

वजनाला अर्थ आहेच. दोन गाड्या भिडल्या की हलकीला जास्त हिसका बसतो. सुरक्षेच्या चाचणीत स्टार देताना मात्र गाडी अडथळ्यावर आदळवतात, म्हणजे साधारण स्वतःएवढ्याच वजनाच्या गाडीशी टक्कर. त्यामुळे छोटीचे चार स्टार आणि मोठीचे चार स्टार सारखे नव्हेत. पण नुसतं वजन पुरत नाही: 2016 मध्ये ग्लोबल एनकॅप या स्टार देणाऱ्या संस्थेच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला प्रौढांसाठी शून्य स्टार मिळाले, 2022 च्या स्कॉर्पिओ-एनला पाच. एकाच पैशात जुनी मोठी की 2022 नंतरची छोटी, असं कुणी विचारलं तर मी चांगले स्टार असलेली छोटी घ्यायला सांगतो.

आता प्रत्यक्ष गाडी. चावी फिरवा: एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही तर जास्त संशय घ्या. उघडलेली बॅग न बदलता दिवाच बंद केलेला असू शकतो. सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. दाराचं रबर खेचून पिलरवरचे (छताला धरणाऱ्या दाराजवळच्या खांबांवरचे) वेल्डिंगचे ठिपके बघा. कंपनीचे ठिपके सुबक आणि एकसारखे असतात, गॅरेजमधले वेडेवाकडे. कोकणातली गाडी असेल तर लिफ्टवर चढवाच. दाराखालच्या पट्टीत गंजाने भोक पडलं असेल तर तो पिंजराच कुजलाय. किंमत कितीही उतरवली तरी परत फिरा.

टायरवरचे चार आकडेही वाचा. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. एवढे जुने टायर असतील तर नव्यांचे पैसे सौद्यातून वजा करून घ्या.