कोकणात मुलांना घेऊन जाताय? आधी तिथी बघा, मग तिकीट काढा

मुलांना घेऊन पहिल्यांदा मालवणला गेलो तेव्हा खोली, गाडी, जेवणाची खानावळ, सगळं महिनाभर आधी ठरलेलं होतं. समुद्राला तेवढं कुणी विचारलं नव्हतं. अष्टमी होती. मुलांचं आवरून देवबागला पोचेस्तोवर अकरा वाजले. नावाडी म्हणाला, "सुकती लागली हा, आता थांबा जरा." सुकती म्हणजे ओहोटी. पैसे भरलेले, मुलं उड्या मारतायत, आम्ही कसले थांबतोय! अर्ध्या वाटेत होडी वाळूवर बसली आणि पुन्हा पाणी चढेपर्यंत दोन तास तिथेच. टोप्या खोलीवर राहिलेल्या, पाण्याची बाटली एकच, आणि त्या बाटलीवरून दोघा भावंडांचं महाभारत. माणूस सांगत होता, आम्हीच ऐकलं नाही.

त्यानंतर चार-पाच खेपा झाल्या. आता आमच्याकडे कोकणाचा बेत भिंतीवरच्या कॅलेंडरपासून सुरू होतो. मालवण-तारकर्ली-देवबाग या पट्ट्यात तीन दिवसांची सहल कशी आखायची, ते आम्ही करतो त्या क्रमाने सांगते.

१. तारीख तिथीवरून ठरवा

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊण म्हणजे तीन. पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एक दिवस कळला की पुढचे दिवस बोटांवर मोजता येतात. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरून चाला आणि आदल्या संध्याकाळी नावाड्याकडून खात्री करून घ्या.

मुलं बरोबर असतील तर माझं मत तृतीया ते षष्ठी. सकाळी आठ ते साडेदहाच्या दरम्यान पाणी उतरलेलं असतं, खडक उघडे पडतात, ऊन अजून चावत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची हालचाल कमी. पण ओहोटी नेमकी भर दुपारी. त्याचं काय होतं ते वर सांगितलंच.

दिवाळीच्या सुट्टीत हे आपसूक जमतं. भाऊबीज म्हणजे द्वितीया. ओवाळून झालं की रात्रीची गाडी पकडा, तृतीयेला सकाळी समुद्रावर. गर्दी असते, खोल्या महाग असतात, पण पाण्याची वेळ अगदी सोयीची. नितळ पाणी बघायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी चांगला. मेअखेरीपासून ऑगस्ट संपेपर्यंत होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. तेव्हा गेलात तर पाऊस बघायला जा, सिंधुदुर्ग किल्ल्याची आशा धरू नका.

एक खोच आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा मालवण तालुक्यातलीच, पण तिचा दिवस तिथीने ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरतो. त्या सुमारास जाणार असाल तर खोली घेण्याआधी जत्रेचा दिवस विचारून घ्या.

२. तिकीट आणि खोली

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि कोकणातल्या गाड्या बघता बघता भरतात, म्हणून कॅलेंडर अडीच महिने आधीच काढून बसा. कुडाळला उतरायचं, तिथून मालवण पाऊण तासाचं. मुक्काम तारकर्ली किंवा देवबागला घरगुती ठिकाणी घ्या. ज्यांच्याकडे राहता त्या काकूंना सकाळी घावणे आणि दुपारी सोलकढी सांगून ठेवा, बाकी खाण्याची चिंता मिटली.

३. पहिली सकाळ खडकांवर

बहुतेक लोक पोचल्या पोचल्या पाण्यातल्या खेळांकडे धावतात. मुलांना खरं वेड लावतात ते ओहोटीला खडकांत साचलेले डबके. मालवणच्या रॉक गार्डनपाशी असा खडकाळ किनारा आहे. ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोचा, म्हणजे पाणी उतरताना तुम्ही त्याच्या मागे मागे जाता आणि ते फिरलं की परत येता. समुद्राकडे पाठ करून बसायचं नाही, हा आमच्याकडचा एकमेव कडक नियम.

पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा जुने बूट हवेत. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, आणि शेवाळावरून घसरून हात टेकला की तळवा सोलवटतो.

आता युक्ती. घरातला पारदर्शक प्लास्टिकचा डबा बरोबर घ्या. तो डबक्याच्या पाण्यावर अलगद टेकवून वरून आत बघा. पृष्ठभागावरची चकाकी आणि तरंग नाहीसे होतात, तळ आरशासारखा स्वच्छ दिसतो. पहिला मिनिटभर काहीच हलत नाही आणि मुलं "इथे काहीच नाहीये" म्हणून कुरकुरतात. गप्प बसवा. मग एक शंख चालायला लागतो. त्याच्या तोंडाशी दोन बारीक डोळे आणि एक नांगी. शंख मेलेल्या गोगलगायीचा, आत भाडेकरू खेकडा. शेजारी खडकावर फुलासारखं काहीतरी उमललेलं असतं, ते समुद्रफूल. फूल कसलं, प्राणीच तो. धक्का लागला की पाकळ्या मिटून चिकट गोळा होतो. आमच्या धाकटीने एकाच समुद्रफुलापुढे पाऊण तास काढलाय.

बघायचं, उचलायचं नाही. मालवणच्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पिशवीत भरलेला जिवंत शंख दुसऱ्या दिवशी गाडीत असा वास मारतो की कायदा सांगावाच लागत नाही.

पुळणीवर ओहोटीला मटाराएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसेल. ती छोट्या खेकड्यांची कामगिरी; वाळूतलं खाणं चाखून उरलेली वाळू गोळी करून टाकतात. दहा पावलं दूर बसून राहिलात तर काम करताना दिसतात.

४. सिंधुदुर्ग

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या होड्यांपैकी एक पकडा. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, त्यामुळे पाणी सपाट असतं. दुपारी खारे वारे सुटले की होडी नाचते आणि घाटात गाडी लागणारी मुलं इथेही पोट रिकामं करतात.

किल्ला कुरटे बेटावर आहे. १६६४ च्या नोव्हेंबरात काम सुरू झालं, १६६७ मध्ये पूर्ण झालं. होडीत बसण्याआधी मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा बघून घ्या. भूमिपूजन तिथे झालं. होडी तटाच्या अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. "सांगा बघू दार कुठाय" असं मुलांना आधीच विचारून ठेवा. पोचेपर्यंत कुणी भांडत नाही.

नावाडी परतीची वेळ सांगतो, ती बहुधा तासाभराची असते. अठ्ठेचाळीस एकर आणि सुमारे तीन किलोमीटरचा तट मुलांसोबत तासात होत नाही, म्हणून होडीत बसण्याआधीच नंतरच्या होडीने येऊ का, ते विचारा. वेळ कमीच असेल तर तीन गोष्टी धरा: शिवराजेश्वराचं मंदिर, महाराजांच्या हातापायांचे ठसे, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे साखरबाव, हे मुलं शाळेत जाऊन सांगतात.

५. पाण्याखाली

स्नॉर्केलिंगसाठी आमची वेळ दहा ते बारा. भरतीचं स्वच्छ पाणी आत येत असतं आणि खारे वारे अजून जोरात सुटलेले नसतात. न्याहारी हलकी. मास्क लावण्याआधी कपाळावरचे केस मागे घ्या. एक बट अडकली तरी पाणी आत झिरपतं. लाइफ जॅकेटचा खालचा पट्टा स्वतः ओढून बघा. खांद्याला धरून जॅकेट वर उचललं आणि ते कानापर्यंत आलं, तर ते मूल त्या जॅकेटमधून निसटणार. लहान मापाचं मागा. नसेल तर उतरवू नका, भले मूल रडो.

स्कूबा दहा वर्षांखालच्या मुलांना नको. सर्दी असेल तर मोठ्यांनीही टाळावं, कान दुखतात. खोल डुबकी मारलीत तर त्याच दिवशी विमान नाही, आणि त्याच संध्याकाळी आंबोली घाटही चढू नका.

६. पोहताना

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. ओहोटीला नदीचं आणि समुद्राचं पाणी एकाच दिशेने बाहेर धावतं. त्या वेळी संगमाच्या टोकाशी गुडघाभर पाण्यातही मुलांना सोडू नका. मोकळ्या किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तो शांत पट्टाच टाळा. पाणी तिथूनच परत जातं. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्यातून बाहेर पडा, मग वळा.

उथळ पाण्यात पाय घासत चाला, वाळूत दडलेलं पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, बाजूला होतं. जेलीफिशचा चटका बसला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, चोळू नका.

७. शेवटची पहाट

शेवटच्या दिवशी उजाडायच्या आत उठा आणि किनाऱ्यावर चालत सुटा. नशीब असेल तर रापण लागलेली असते. समुद्रात अर्धवर्तुळ टाकलेलं लांबच लांब जाळं, दोन्ही टोकांना दोरखंड, आणि दोरखंडाला वीस-पंचवीस माणसं. विचारून हात लावा. नाही म्हणत नाहीत. आरोळीच्या तालावर दोन पावलं मागे, थांब, पुन्हा दोन पावलं. दोर ओला, खरखरीत, बोटांना वळ उठवणारा. जाळं वाळूवर आलं की आत चांदी सळसळते. आमच्या मोठ्याला गेल्या वेळी चार बांगडे मिळाले. ते कुणाच्याही हातात न देता त्याने शर्टाच्या ओच्यात खोलीपर्यंत आणले, आणि काकूंनी तळून वाढले तेव्हा कुठला बांगडा कुणाचा यावरून पुन्हा भांडण झालं.