मायनर निवडायचा तर आधी एम.ए., एम.एस्सी.ची पात्रता वाचा

पदवीच्या अर्जात मायनरचा, म्हणजे मुख्य विषयासोबतच्या दुय्यम विषयाचा, रकाना बहुतेक जण शेवटी भरतात, तोही शेजारच्याने काय लिहिले ते बघून. तीन वर्षांनी पदव्युत्तर प्रवेशाला केगावच्या सोलापूर विद्यापीठात गेल्यावर त्या रकान्याची किंमत कळते. म्हणून निवड उलटीकडून करा.

आधी कागदावर दोन पदव्युत्तर अभ्यासक्रम लिहा, एक मनातला आणि एक हाताशी असलेला. प्रत्येकापुढे पात्रतेची ओळ माहितीपत्रकातून जशीच्या तशी उतरवा. एमबीएला कोणतीही पदवी चालते. महाराष्ट्रात खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४५ टक्के आणि सीईटी लागते, त्यामुळे तिथे मायनरने काही अडत नाही. एम.ए., एम.एस्सी.चे तसे नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२४ च्या आराखड्यानुसार मेजर (मुख्य विषय) किंवा मायनर, यांतल्या कोणत्याही विषयात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. तिसऱ्याच विषयात जायचे तर प्रवेश परीक्षा. म्हणजे मायनर हे दुसरे दार आहे. मेजर मराठी आणि मायनर अर्थशास्त्र असेल, तर दोन्हीकडचे एम.ए. आवाक्यात येते. मात्र शेवटचा शब्द त्या त्या विद्यापीठाच्या नियमाचा. पुण्याला किंवा कोल्हापूरला जायचा विचार असेल, तर तिथली ओळ वेगळी वाचा.

आता वेळेचा हिशेब. राज्याच्या रचनेत तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक (क्रेडिट) असतात, त्यांत मायनरचे १८ ते २०. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचा ३० तास. वीस श्रेयांकांची नुसती थिअरी ३०० तासांत बसते. प्रॅक्टिकल आले की तास वाढतात. बार्शी किंवा अक्कलकोटहून एसटीने ये-जा करणाऱ्याने प्रॅक्टिकल दुपारी किती वाजता सुटते, हे प्रवेशाआधी विचारावे. विषय आवडतो पण शेवटची गाडी चुकते, असे झाले की हजेरी बुडते.

कॉलेजात गेल्यावर तीन गोष्टी स्पष्ट विचारा: या मायनरला गेल्या वर्षी किती मुले होती, शिकवणारे पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, आणि मुले कमी आली तर वर्ग चालवणार का. यादीत असलेला प्रत्येक विषय वर्गात असतोच असे नाही.

खुले ऐच्छिक विषय (दुसऱ्या शाखेतले सुटे पेपर) आणि मायनर यांत गल्लत करू नका. इकडचा एक, तिकडचा एक असे पेपर जोडून मायनर होत नाही. पण त्या खुल्या श्रेयांकांत पाया पक्का करता येतो. पुढे अर्थशास्त्र घ्यायचे असेल, तर तिथे संख्याशास्त्र घ्या, एम.ए.ला बरेच जण गणिताशीच अडतात. कॉमर्सवाल्याला चादर-टॉवेलच्या कारखान्यांत निर्यातीचे काम बघायचे असेल, तर संगणक किंवा इंग्रजी जास्त उपयोगी. आणि घरी कन्नड बोलतो म्हणून कन्नड सोपे जाईल, हा खास सोलापुरी समज पेपर लिहिताना फसतो. बोलणे निराळे, लिपी आणि व्याकरण निराळे.

प्राध्यापक व्हायचे असेल, तर ज्या विषयात शिकवायचे त्या किंवा त्याच्याशी संबंधित विषयात पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के (राखीव गटाला ५० टक्के) आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. एकट्या मायनरवर ही नोकरी मिळत नाही.

चौथ्या वर्षाबद्दल थोडक्यात: पदवी तीन वर्षांची आणि पदव्युत्तर दोन, किंवा पदवी चार वर्षांची आणि पदव्युत्तर एक, दोन्हींची बेरीज पाचच. चौथ्या वर्षाच्या संशोधनासह ऑनर्स पदवीसाठी यूजीसीने पहिल्या सहा सेमिस्टरना ७५ टक्क्यांची अट घातली आहे. पीएच.डी. करायची असेल तर हा मार्ग बघा. मायनरच्या विषयात वळायचे असेल, तर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी बरी. वीस श्रेयांकांच्या पायावर एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम जड जातो.

मायनरच्या पहिल्या पेपरचा निकाल लागला की डिजिलॉकरमार्फत उघडलेल्या एबीसी (श्रेयांक साठवणाऱ्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या) खात्यात श्रेयांक जमा झाले का ते पाहा. नसतील तर गुणपत्रिकेची प्रत जोडून त्याच आठवड्यात कॉलेजच्या परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.